मका स्वतःच गवत आहे, हे तणनाशकाच्या सल्ल्यात आधी सांगावे

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय: मक्यातील गवतवर्गीय तणांच्या रासायनिक नियंत्रणाविषयी छापला जाणारा सल्ला

महोदय,

आपल्या वृत्तपत्राचे शेतीविषयक पान मी अनेक वर्षे नियमाने वाचत आलो आहे. मक्याची पेरणी जवळ आली की त्या पानावर तणनियंत्रणाचा एक छोटा मजकूर हमखास येतो. त्यात एखाद्या तणनाशकाचे नाव, हेक्टरी मात्रा आणि शेवटी ‘फवारावे’ हे क्रियापद एवढेच असते. मजकूर चुकीचा नसतो, पण मक्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो आणि अपुऱ्या मजकुराची किंमत पिकाला मोजावी लागते. मी स्वतः मका पिकवणारा शेतकरी आहे आणि ही किंमत एकदा मोजली आहे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मक्यातील तणांमध्ये रुंद पानांची तणे त्या मानाने सोपी असतात, खरी अडचण गवताची असते. तिचे कारण साधे आहे, पण ते क्वचितच सांगितले जाते: मका हे स्वतःच एक गवत आहे. हराळी, कुंदा, शिप्पी, भरड, चिमणचारा ही तणे आणि मका एकाच तृणकुळातील आहेत. त्यांच्या पानांची ठेवण, वाढीचा कोंब, पेशींमधील बरीचशी यंत्रणा सारखी आहे. कापूस, सोयाबीन किंवा भुईमुगात गवत मारायचे असेल तर पीक एका वंशाचे आणि तण दुसऱ्या वंशाचे असते, त्यामुळे एकाला मारून दुसऱ्याला वाचवणारे रसायन शोधणे तुलनेने सोपे गेले. मक्यात मात्र भावाभावांतून एकाला वेचून काढायचे असते. १९४० च्या दशकात २,४-डी हे तणनाशक वापरात आले तेव्हा मक्यातील तणांचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले होते. ते रुंद पानांची तणे मारते आणि गवताला सहसा धक्का लावत नाही. परिणाम असा झाला की जिथे वर्षानुवर्षे केवळ तेच फवारले गेले तिथे रुंद पानांची तणे मागे हटली आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवत पसरले. आजही ‘मक्यात तण झाले, २,४-डी मारा’ असा सल्ला ऐकून फवारणी करणारा माणूस दहा दिवसांनी शेतात जातो, तेव्हा त्याला पूर्वीपेक्षा जोमदार गवत दिसते आणि औषधच बनावट निघाले असा त्याचा समज होतो.

आता माझी चूक सांगतो. मक्याच्या एका तुकड्यात गवत फार माजले होते आणि माझ्याकडे सोयाबीनसाठी आणलेले क्विझालोफॉप-इथाईल शिल्लक होते. ‘उगवून आलेल्या गवतवर्गीय तणांसाठी प्रभावी’ हे वाक्य मी वाचले होते, सोयाबीनमध्ये त्याचा उत्तम अनुभवही घेतला होता, आणि जे औषध सोयाबीनला इजा करत नाही ते मक्याला का करील, असा विचार करून मी ते फवारले. पहिले चार-पाच दिवस काहीच झाले नाही. आठवड्याच्या सुमारास मक्याची कोवळी पाने पिवळी आणि जांभळट पडू लागली. एका रोपाचा पोंगा हळूच ओढून पाहिला, तर तो सहज हातात आला आणि त्याचे खालचे टोक तपकिरी, कुजलेले होते. दोन आठवड्यांत त्या तुकड्यातील गवत मेले आणि मकाही मेला. दोष सर्वस्वी माझाच होता. परंतु ‘गवतवर्गीय तणांसाठी’ या शब्दांत मकाही येतो, एवढे एक वाक्य कुठेतरी वाचनात आले असते तर तो तुकडा वाचला असता.

क्विझालोफॉप, फ्लुअझिफॉप, हॅलोक्सिफॉप, क्लेथोडिम या गटातील तणनाशके वनस्पतीमध्ये मेदाम्ले तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, बंद पाडतात. गवतांच्या हरितलवकांत या विकराचा जो प्रकार असतो त्याला ही रसायने चिकटतात, रुंद पानांच्या बहुतेक वनस्पतींत वेगळा प्रकार असतो म्हणून त्या वाचतात. मक्यात गवताचाच प्रकार आहे. काही देशांत या गटातील काही रसायने सहन करणारे जनुकीय बदल केलेले मक्याचे वाण निघाले आहेत, पण साध्या मक्यासाठी हा संपूर्ण गट विष आहे. पंप न धुता तोच मक्यात वापरला तरी थोडीफार इजा होऊ शकते. म्हणून मी आता मक्यासाठी पंप आणि बादली वेगळी ठेवतो, आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पंप, नळी, गाळणी व नोझल साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने निदान तीन वेळा धुवावे असे सुचवतो.

मग मक्यात चालणारी तणनाशके मक्याला का मारत नाहीत? हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण त्याच्या उत्तरावर शेतातील सगळी सावधगिरी उभी आहे. बहुतेक वेळा मका वाचतो तो त्या रसायनाचा त्याच्यावर परिणाम होत नाही म्हणून नव्हे, तर ते रसायन तो तणापेक्षा लवकर पचवतो म्हणून. ॲट्राझीनचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेले हे तणनाशक पानांतील प्रकाशसंश्लेषणाची साखळी मध्येच तोडते. ते मक्याच्या पानातही जाते, परंतु मक्यातील ग्लुटाथायोन हे संयुग एका विकराच्या मदतीने त्याला जोडले जाते आणि ते निष्प्रभ होते. मक्याच्या मुळांतही त्याचे विघटन करणारी नैसर्गिक संयुगे असतात. तणाकडे ही क्षमता नसते किंवा कमी असते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की मक्याच्या नात्यातील काही गवतांकडेही ही क्षमता थोडीफार असते, म्हणून ॲट्राझीन रुंद पानांच्या तणांवर जसे चालते तसे गवतावर चालत नाही, आणि गवत दोन-तीन पानांच्या पुढे गेले की त्याचा भरवसा उरत नाही. ‘ॲट्राझीन फवारले तरी गवत राहिले’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

निकोसल्फ्युरॉन, रिमसल्फ्युरॉन, फोरामसल्फ्युरॉन ही उगवणीनंतरची तणनाशके वेगळ्या मार्गाने काम करतात. ती काही आवश्यक अमिनो आम्लांची निर्मिती थांबवतात आणि बरूसारख्या, जमिनीतील काशांपासून (आडव्या भूमिगत खोडांपासून) पसरणाऱ्या बहुवर्षायू गवतावरही त्यांचा उपयोग होतो. मका त्यांना सायटोक्रोम पी-४५० या विकरसमूहाच्या साहाय्याने पचवतो. ही पचनशक्ती सगळ्या वाणांत सारखी नसते. गोड मक्याच्या काही वाणांत आणि काही अंतःप्रजात (संकरित बियाणे तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शुद्ध) वाणांत त्यासाठीचे जनुक निकामी असते, त्यामुळे शेजारच्या शेतात निर्धोक ठरलेली मात्रा तिथे रोप जाळते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्लोरपायरिफॉस, टर्बुफॉस, मॅलॅथिऑन यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हीच पचनयंत्रणा अडवून धरतात. पेरणीच्या वेळी जमिनीत असे कीटकनाशक दिले असेल, किंवा एकाच फेरीत काम उरकावे म्हणून अळीचे औषध आणि हे तणनाशक एकाच पंपात मिसळले असेल, तर मक्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. पाने पिवळी पडतात, आखडतात, रोप खुजे राहते आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो. दोन औषधे मिसळून फेरी वाचवण्याची आपली सवय किती खोल रुजलेली आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हे वाक्य सल्ल्यात ठळकपणे यायला हवे असे मी आग्रहाने म्हणतो.

तिसरा गट पाने पांढरी पाडणारा आहे. त्याच्या जन्माची हकिकत मला फार आवडते. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की बॉटलब्रशच्या झुडपाखाली तण फारसे उगवत नाही. त्या निरीक्षणाचा माग काढत गेल्यावर त्या झुडपातील नैसर्गिक रसायनाशी नाते सांगणारी तणनाशके तयार झाली. मेसोट्रिओन २००१ साली आले आणि पुढच्या काही वर्षांत टोप्रामेझोन व टेम्बोट्रिओन आली. ही रसायने पानातील हरितद्रव्याला उन्हापासून वाचवणारी केशरी-पिवळी रंगद्रव्ये तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे तणाचे कोवळे पान अक्षरशः पांढरे होऊन मरते. गवतासाठी या तिघांत फरक आहे: मेसोट्रिओन अनेक गवतांवर कमजोर पडते, टेम्बोट्रिओन आणि टोप्रामेझोन लहान गवतावर अधिक चांगली चालतात. टेम्बोट्रिओनच्या अनेक उत्पादनांत तर मक्याची पचनशक्ती वाढवणारे एक संरक्षक द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. या गटाबरोबर ॲट्राझीनची हलकी मात्रा दिली तर दोन्हींचा परिणाम बेरजेपेक्षा अधिक होतो, कारण एक रसायन प्रकाशसंश्लेषण बिघडवून घातक कण तयार करते आणि दुसरे त्या कणांना आवरणारे संरक्षण काढून घेते. फवारणीनंतर मक्याच्या पानांवरही कधी फिकट पट्टे येतात. ते आठ-दहा दिवसांत जातात आणि नवी पाने हिरवी येतात, त्यामुळे घाबरून वर खत किंवा टॉनिक फवारण्याची गरज नसते.

आता वेळेविषयी. माझ्या मते मात्रेपेक्षा वेळेची चूक अधिक नुकसान करते. मक्याला साधारण तिसऱ्या पानापासून आठव्या-दहाव्या पानापर्यंत तणाचा उपद्रव सर्वाधिक भोवतो. त्यानंतर मक्याची सावली जमिनीवर पडते आणि उशिरा आलेले गवत फारसे वर येत नाही. पण सुरुवातीच्या काळाचे महत्त्व पाणी आणि अन्नद्रव्यांच्या ओढाताणीपुरते नाही. हिरव्या पानांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबडा कमी आणि त्यापलीकडचा अतितांबडा अधिक असतो, आणि मक्याचे रोप हा बदल ओळखते. शेजारी कोणीतरी उभे आहे हे कळताच ते उंच धावू लागते आणि मुळांकडे कमी लक्ष देते. म्हणजे ओल पुरेशी असताना आणि खत भरपूर असतानाही, बोटाएवढे गवत भोवती असले तरी मक्याची घडण बिघडलेली असते. ‘गवत थोडे मोठे होऊ द्या, म्हणजे एकाच फवारणीत सगळे जाईल’ हा हिशेब म्हणूनच दुहेरी तोट्याचा ठरतो: पीक आधीच मागे पडलेले असते, आणि फुटवे फुटलेले गवत मरत नाही, ते फक्त पिवळे पडून पुन्हा सावरते. उगवणीनंतरचे कोणतेही तणनाशक गवत दोन ते चार पानांचे असताना, फुटवे फुटण्यापूर्वी फवारावे.

वेळेची दुसरी बाजू पिकाची आहे. मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पाने पूर्ण उघडेपर्यंत जमिनीच्या खाली सुरक्षित असतो. त्यानंतर तो वर येतो आणि साधारण सात-आठ पानांच्या सुमारास कणसावर दाण्यांच्या किती ओळी येणार हे आत ठरत असते. या काळात निकोसल्फ्युरॉनसारखे तणनाशक थेट पोंग्यात गेले तर पाने निरोगी दिसतात, पण कणीस मध्येच आवळल्यासारखे निघते आणि दाण्यांच्या ओळी कमी होतात. हे कापणीच्या वेळी कळते, तेव्हा फवारणी कोणाच्या लक्षातही नसते. पाने मोजण्याची रीतही सांगावी लागेल: पोंग्यातून नुसते टोक बाहेर आलेले पान मोजायचे नाही, ज्या पानाचे पाते आणि खोडाला वेढणारा भाग यांच्यामधला फिकट पट्टा स्पष्ट दिसतो तेच पान मोजायचे. पेरणीनंतरचे दिवस मोजून सल्ला देणे सोपे असते, परंतु थंडीत वीस दिवसांचा मका आणि उष्ण हवेत वीस दिवसांचा मका यांत दोन-तीन पानांचे अंतर सहज पडते.

पेरणीनंतर पण उगवणीपूर्वी जमिनीवर फवारायची पेंडीमेथॅलीन, मेटोलाक्लोर यांसारखी तणनाशके गवताच्या दृष्टीने खरी पहिली फळी आहेत. बहुतेक एकवर्षायू गवतांचे बी बारीक असते आणि ते जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातूनच उगवते, तिथेच या रसायनाचा पातळ थर बसला तर कोंब वर येण्यापूर्वीच मरतो. मक्याचा दाणा खोल असतो म्हणून वाचतो. पेंडीमेथॅलीनच्या बाबतीत तर मक्याचे संरक्षण मुख्यतः या खोलीच्या अंतरातच आहे, म्हणून मक्यात ते मातीत मिसळू नये आणि दाणा चार-पाच सेंटिमीटर खोल, नीट झाकलेला असावा. उथळ पेरलेल्या किंवा उघड्या राहिलेल्या दाण्याची मुळे टोकाशी फुगून गाठाळ होतात. ही सर्व औषधे कामाला लागण्यासाठी ओल लागते. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत साधारण १२ ते २५ मिलिमीटर पाऊस किंवा हलके सिंचन मिळाले तर औषध बियाण्याच्या थरात उतरते, कोरड्या धुळीवर पडून राहिले तर गवत त्याच्या आधी उगवून येते. जमीन ढेकळांची असेल तर ढेकूळ फुटल्यावर आतले बी मोकळेच राहते. भारी, सेंद्रिय कर्ब अधिक असलेली माती औषध धरून ठेवते म्हणून तिथे मात्रा वरच्या मर्यादेची लागते, वाळूसर जमिनीत तीच मात्रा पिकाला बाधते. लेबलवर मात्रा ‘इतके ते इतके’ अशी दिलेली असते ती याचसाठी, आणि वृत्तपत्रात छापताना नेमका हाच पल्ला गाळून एकच आकडा उरतो.

मात्रेविषयी एक गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर अंकगणितच मांडतो. शास्त्रीय शिफारस बहुधा मूळ क्रियाशील घटकाच्या वजनात असते. ‘हेक्टरी एक किलो ॲट्राझीन’ याचा अर्थ ५० टक्के भुकटी असेल तर दोन किलो भुकटी आणि ८० टक्के असेल तर सव्वा किलो भुकटी. आता पंपाचा हिशेब. शंभर चौरस मीटर जागा आखून नेहमीच्या चालीने साध्या पाण्याची फवारणी करून पाहावी. समजा पाच लिटर पाणी लागले, तर हेक्टरी ५०० लिटर झाले आणि १५ लिटरचा पंप तीनशे चौरस मीटरला पुरला. दोन किलो भुकटी हेक्टरी द्यायची तर त्या पंपात ६० ग्रॅम पडली पाहिजे. याउलट टोप्रामेझोनची मात्रा हेक्टरी सुमारे २५ ग्रॅम क्रियाशील घटक एवढीच असते. लिटरमागे ३३६ ग्रॅम घटक असलेल्या द्रावणाची ती ७५ मिलिलीटर होते आणि वरच्याच पंपात अवघी सव्वादोन मिलिलीटर येते. ज्याच्या हाताला बाटलीच्या टोपणाने औषध मोजण्याची सवय आहे त्याने दहा मिलिलीटर ओतले तर मात्रा चौपटीहून अधिक झाली. जुन्या आणि नव्या रसायनांच्या मात्रांत एवढी तफावत असताना ‘पंपाला इतके’ हा एकच माप देणारा सल्ला धोक्याचा आहे. सव्वादोन मिलिलीटरसाठी मोजपट्टी असलेली पिचकारी लागते, ती नसेल तर आधी लिटरभर पाण्यात सर्व पंपांच्या एकूण मात्रेचे एकत्र द्रावण करून ते पंपागणिक समान वाटून घ्यावे.

नोझलचे थोडक्यात सांगतो. तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल हवे, कीटकनाशकाचे शंकूसारखा बारीक धुके उडवणारे नोझल नको. वाऱ्याच्या वेळी फवारणी नको, आणि गढूळ पाणी तर मुळीच नको.

गवत ओळखण्यातही चूक होते. लव्हाळ्याला लोक गवत म्हणतात, पण ते गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा हाताला लागतात, गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून फुटतो, त्यामुळे पेंडीमेथॅलीन किंवा मेटोलाक्लोरने तो आटोक्यात येईल अशी अपेक्षा करू नये, त्यासाठी मक्यात चालणारे हॅलोसल्फ्युरॉन हे वेगळे औषध आहे. हराळी आणि कुंदा यांचीही तीच गोष्ट. ही गवते बियांपेक्षा जमिनीतील काशांपासून पसरतात, उगवणपूर्व औषधाचा पातळ थर त्या काशांतून येणाऱ्या जोमदार फुटीला रोखू शकत नाही. त्यांचा बंदोबस्त मका उभा नसताना, मोकळ्या रानातच करावा लागतो.

एकच औषध दरवर्षी वापरण्याचा परिणाम काय होतो हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सिमाझीन आणि ॲट्राझीन या सख्ख्या भावंडांचा सुमारे दहा वर्षे सतत वापर झाल्यावर त्यांना दाद न देणारे एक तण आढळले आणि त्याची नोंद १९७० साली प्रसिद्ध झाली. ते तण गवत नव्हते, पण पुढे गवतांमध्येही हेच घडले: जगात जॉन्सन गवत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तणाचे निकोसल्फ्युरॉनला न जुमानणारे प्रकार अमेरिका आणि युरोपातील मक्याच्या शेतांत सापडले आहेत. औषध शेतात प्रतिकारशक्ती निर्माण करत नाही. लाखो रोपांत मुळातच असलेली एखाद-दुसरी वाचणारी रोपे ते वेचून ठेवते, आणि अशा एका रोपाचे हजारो बी पुढच्या वर्षी उगवते. म्हणून औषधाचे व्यापारी नाव बदलणे म्हणजे औषध बदलणे नव्हे, त्याचा कार्यगट, म्हणजे ते तणाला ज्या मार्गाने मारते तो गट, बदलला पाहिजे. लेबलवर किंवा माहितीपत्रकावर तो गट अंक अथवा अक्षराने दिलेला असतो, पण त्याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. फवारणीनंतर वाचलेले गवत बी धरण्यापूर्वी हाताने उपटणे हे काम कंटाळवाणे आहे, तरी मी ते दरवर्षी करतो. वाचलेल्या त्या शेवटच्या शंभर रोपांनाच औषध लागू पडत नसण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. कोळपणी सोडून देऊ नये असेही मी सांगेन, कारण कोळप्याच्या पात्याला कोणतेही गवत प्रतिकार करत नाही.

पुढच्या पिकाचा आणि पाण्याचा विचार तर सल्ल्यात जवळजवळ नसतोच. ॲट्राझीन जमिनीत काही महिने टिकते, आणि चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत आणखी सावकाश विघटित होते. मक्यामागे गहू, कडधान्य किंवा भाजीपाला घेणाऱ्याला कधी कधी त्याचा फटका बसतो. मक्यात तूर, उडीद, सोयाबीन यांसारखे आंतरपीक असेल तर ॲट्राझीन, टेम्बोट्रिओन किंवा टोप्रामेझोन ते आंतरपीक मारते, तिथे उगवणपूर्व पेंडीमेथॅलीनसारखा पर्याय निवडावा लागतो. आंतरपीक घेणाऱ्यांची संख्या पाहता ही सूचना प्रत्येक मजकुरात असायला हवी. ॲट्राझीन पाण्याबरोबर झिरपून भूजलात जाते, आणि तेथे त्याचे विघटन फार मंदावते. युरोपीय महासंघात पिण्याच्या पाण्यातील कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेत ॲट्राझीनसाठी ती ३ मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक प्रमाण १०० मायक्रोग्रॅम आहे. आकड्यांतील हे अंतर मर्यादा ठरवण्याच्या पद्धती किती वेगळ्या आहेत हे दाखवते. युरोपीय महासंघाने भूजलातील अंशामुळे ॲट्राझीनची मान्यता काढून घेतली, इतरत्र ते वापरात आहे. मी ते पूर्ण सोडलेले नाही, पण विहिरीभोवतालचा पट्टा आणि ओढ्याकाठची जमीन मी कोळप्यावर आणि खुरप्यावर ठेवतो आणि पंप विहिरीजवळ कधीही धूत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती अशी आहे की मक्यातील तणनाशकाविषयी आपण जो मजकूर छापता त्यात जागा थोडी वाढवावी आणि औषधांची नावे हवी तर कमी करावीत. उदाहरणादाखल, टेम्बोट्रिओनविषयीची सूचना मी अशी छापली असती: ‘टेम्बोट्रिओन हे तणनाशक मका चार ते सहा पूर्ण उघडलेल्या पानांचा आणि गवत दोन ते चार पानांचे असताना, जमिनीत ओल असताना, लेबलवरील मात्रेत व सोबत सांगितलेल्या चिकट द्रव्यासह, पंपाचा हिशेब आधी करून सपाट फवाऱ्याच्या नोझलने फवारावे, मक्यात कडधान्याचे आंतरपीक असल्यास वापरू नये, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकात मिसळू नये, हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांवर त्याचा भरवसा धरू नये, गेल्या वर्षी याच गटातील औषध वापरले असल्यास या वर्षी दुसऱ्या गटातील औषध निवडावे, आणि सोयाबीन किंवा कापसातील गवतासाठी वापरलेला पंप स्वच्छ धुतल्याशिवाय मक्यात नेऊ नये.’

आपला विश्वासू,
एक मका उत्पादक शेतकरी